पंप आणलाय का?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंब्र्याला आपाच्या घरी नवा स्प्लिट एसी बसला. दोन पोरं आली होती. भिंतीला भोक पाडलं, आतलं युनिट टांगलं, बाहेरचं खिडकीच्या जाळीवर चढवलं, मधे तांब्याचे पाइप जोडले. काम सफाईदार होतं. शेवटी मोठ्या पोराने जाड पाइपाचा नट जरासा सैल ठेवून बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने उघडला. फुस्स असा आवाज आला. आठ-दहा सेकंदांनी त्याने नट आवळला आणि म्हणाला, "हो गया."

मी विचारलं, "व्हॅक्युम पंप नाही लावणार?"

"चाचा, सब ऐसेच करते हैं. पंप कौन लेके घूमेगा?"

मी गप्प बसलो. आपाने सरबत दिलं, पोरं पुढच्या घरी गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात थंडावा कमी झाला, विजेचं बिल वाढलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर कंप्रेसर बसला. तो त्या दहा सेकंदांमुळेच बसला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या दहा सेकंदांत काय राहून गेलं ते आज मला माहीत आहे, आणि तेव्हा गप्प बसल्याची रुखरुख आहे.

नव्या एसीचा गॅस कारखान्यातच बाहेरच्या युनिटमध्ये भरून, व्हॉल्व्ह बंद करून पाठवलेला असतो. आतलं युनिट आणि आपल्या घरी जोडलेले पाइप यांत मात्र साधी हवा असते. किनारपट्टीच्या दमट गावात त्या हवेत ओलही भरपूर. ही हवा बाहेर काढल्याशिवाय गॅस आत सोडायचा नसतो, कारण गॅस थंड होऊन त्याचं पाणी होतं, तसं हवेचं होत नाही. ती बाहेरच्या जाळीत जागा अडवून बसते, दाब वाढवते. कंप्रेसरला जास्त रेटावं लागतं, तो जास्त वीज खातो, तरी खोली गार होत नाही. पाच तारे बघून चार-पाच हजार जास्त मोजलेले असतात, त्यांचा उपयोग असा पाइपातच संपतो.

ओलाव्याचं दुखणं याहून वाईट. आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसेसबरोबर सहसा जे तेल वापरतात, ते ओलावा चटकन शोषतं. त्यातून हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या आतल्या वायंडिंगपर्यंत पोचतं. जुने मिस्त्री म्हणतात, "वीस वर्षं गॅसनेच हवा काढतोय, काही झालं नाही." त्यांचं खोटं नाही. आर-२२च्या काळात तेल वेगळं होतं, ते बरंच सोसून घ्यायचं. गॅस बदलला, तेल बदललं, हाताची सवय तीच राहिली.

गॅसच्या फुंकरीने थोडी हवा निघते, पाइपाच्या भिंतीला चिकटलेला ओलावा निघत नाही. त्यासाठी पंपच लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो आणि पाणी १०० अंशांवर उकळतं. दाब ३० मिलिमीटरच्या आसपास आणला तर तेच पाणी ३० अंशांच्या खोलीत उकळू लागतं. पंप त्याहूनही कितीतरी खाली, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो. मग ओल वाफ होऊन आपोआप बाहेर पडते. याला पंधरा-वीस मिनिटं, पाइप लांब असेल तर अर्धा तास लागतो. त्यानंतर पंप बंद करून गेजकडे बघत थांबायचं. सुई वर सरकली तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल शिल्लक आहे. म्हणजे गॅस सोडण्याआधीच जोडाची परीक्षा होते. फुंकरीच्या पद्धतीत ही परीक्षाच नाही.

आणि तो फुस्स झालेला गॅस गेला कुठे? आर-३२ पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट जड आहे. शिवाय तो काही प्रमाणात पेट घेतो. आता काही एसींत आर-२९० येतो, तो तर प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. शेजारी ड्रिल मशीन चालू असताना तो नट सैल करून सोडणं म्हणजे त्या पोराच्या तोंडासमोर आग ठेवणं.

तरीही मी त्या पोरांना दोष देणार नाही. माझा भाचा भिवंडीत हेच काम करतो. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं दहावी-बारावीनंतर या धंद्यात शिरली आहेत. त्यांना नगावर पैसे मिळतात. सीझनला दिवसाला सहा-सात फिटिंग. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास पंप चालवला तर तीन तास गेले, म्हणजे दोन फिटिंगचे पैसे गेले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पंप खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर चढायचं ते वेगळं. दुकानदार "इन्स्टॉलेशन फ्री" म्हणतो, पण फुकट काहीच नसतं. ते पैसे त्या पोराच्या वेळेतून कापलेले असतात. आणि आपण? "अजून किती वेळ?" असं तीनदा विचारतो आणि वर पाइपाच्या पैशांवरून घासाघीस करतो.

सरकारच्या २०१९च्या इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. चांगलंच आहे. पण प्रमाणपत्र असलेल्या हातालाही सात फिटिंग संपवायचीच असतील, तर पंप गाडीतच राहणार. नगाचा दर ठरवताना पंपाचा अर्धा तास त्यात धरला पाहिजे. ते कंपन्यांनी आणि दुकानदारांनी करायचं आहे, आणि ते मागणारे गिऱ्हाईक आपण आहोत.

यंदा माझ्या घरी एसी बसवायचा ठरला तेव्हा मी आदल्या दिवशीच फोन करून विचारलं, "पंप आणि गेज आणणार ना? त्याचे वेगळे पैसे देतो." पलीकडे जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, "आणतो अंकल, पण सकाळी पहिलं तुमचंच करू. नंतर जमणार नाही." सकाळी नऊला आला. पंप चालू असताना त्याने चहा प्यायला, फोनवर दोन गिऱ्हाइकांना थोपवलं, तिसऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. पंप बंद केल्यावर आम्ही दोघं दहा मिनिटं सुईकडे बघत बसलो. ती हलली नाही. मी तीनशे रुपये जास्त दिले, त्याने ते न मोजता खिशात घातले आणि विचारलं, "अंकल, तुमच्या ओळखीत अजून कोणाला बसवायचाय का?"