आप्पा, तू कवय उना?

वसतिगृहाच्या पायरीवर आप्पा बसले होते. साक्रीहून रात्रभराचा एसटीचा प्रवास करून आलेले, डोळे तारवटलेले. पायाशी दोन पिशव्या. एकीत भुईमुगाच्या शेंगा, दुसरीत मायनं दिलेल्या बिबड्या आणि कळण्याचं पीठ. मी तिघा मित्रांबरोबर कॉलेजातून परतत होतो. मला पाहताच ते उठले आणि बांधावरून हाक मारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "काय रे भाऊ, जेवना का?"

आमच्या घरी बापाला 'तू' म्हणतात. अहिराणीत त्यात उद्धटपणा नाही. एरवी मी धावत जाऊन विचारलं असतं, "आप्पा, तू कवय उना?" पण शेजारी मित्र उभे होते, आणि सहा महिने खपून कमावलेली पुण्याची मराठी मला त्यांच्यासमोर सांभाळायची होती. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही कधी आलात?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आत्ताच आलो. तुमचं... तुझं कॉलेज बरं चालू आहे ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझा बाप माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत होता. माझी अडचण ओळखून, मला सावरून घेण्यासाठी. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी त्यांना थांबवलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

त्या सहा महिन्यांत मी काय काय केलं होतं, ते आज सांगायला हवं. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये "माले पानी दे" असं तोंडून निघालं आणि सगळं टेबल हसलं. त्या रात्रीपासून मी जीभ घोटायला लागलो. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, म्हणून केयी, डोया, काया हे शब्द केळी, डोळा, काळा करून पाठ केले. 'माले'चं 'मला' केलं, 'शे'चं 'आहे' केलं. खोलीतला दिवा गेल्यावर पांघरुणात 'पाणी, लोणी, कोण' असं पुटपुटत राहायचो. एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावायचो आणि काचेचं दार घट्ट ओढून घ्यायचो. बाहेर रांग असली की माझी उत्तरं 'हो', 'नाही', 'बरं' एवढीच. मायला वाटायचं, पोरगा रागावलाय.

बोली लपवायची तर ती बोलणारी माणसंही लपवावी लागतात, हे मला उशिरा उमगलं. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सगळी भाऊबंदकी गावी जमते, रोट होतात. मी मित्रांना सांगायचो, "घरी पूजा आहे." कानबाई हा शब्द उच्चारला तर पुढचे प्रश्न येतील, ही धास्ती. मित्रांना घरी बोलावलं नाही. वर्गात जिल्हा विचारला की 'नाशिककडचा' म्हणून मोकळा व्हायचो. एका 'ळ'पासून सुरू झालेलं लपवणं घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचलं.

हे माझ्या एकट्याचं नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नाशिकचा बागलाण, कळवण, मालेगावकडचा भाग, एवढ्या मुलखात अहिराणी बोलली जाते. जनगणनेत ती 'खानदेशी' या नावाखाली मोजतात. १९९१ साली खानदेशी सांगणारे सुमारे ९ लाख ७३ हजार होते, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार झाले आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजारांवर आले. दहा वर्षांत एखाद्या मुलखातली माणसं दुप्पट होत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख माणसं मुकीही होत नाहीत. बदलतं ते दारात आलेल्या प्रगणकाला दिलेलं उत्तर आणि ते ऐकून त्याने कागदावर लिहिलेला शब्द. मातृभाषा कोणती, या साध्या प्रश्नाला माणूस आधी मनात चाचपतो, आणि मग उत्तर देतो.

शाळेत आम्ही बहिणाबाई चौधरींच्या कविता पाठ केल्या. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी उतरवून ठेवली, आणि ती गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. तिची लेवा गणबोली ही आमच्या अहिराणीची शेजारीण, तिथेही डोळ्याचा 'डोया'च होतो. कवितेच्या तासाला हा शब्द बिनचूक म्हटला की शाबासकी मिळायची. पुढच्या तासाला तोच शब्द उत्तरात आला की छडी. एकाच भिंतीआड, एकाच फळ्यासमोर, एकच शब्द दोन न्यायांनी तोलला जात होता. आम्ही पोरांनी त्यातून नको तो धडा घेतला: आपली भाषा पुस्तकात छापली तर चालते, आपल्या तोंडात नको.

आज अहिराणी गाणी पुण्यातल्या वरातीतही वाजतात, पोरं बेभान नाचतात. मला त्याचा आनंद आहे. पण नाचायला आणि हसायला चालणारी भाषा मुलाखतीत, बँकेत, स्थळ बघायला गेल्यावर अजूनही खिशात लपवली जाते. प्रमाण मराठी शिकलो याचं मला वाईट वाटत नाही. तिनेच मला नोकरी दिली, हे सदरही तिच्यातच लिहितोय. एका तोंडात दोन भाषा सुखाने नांदतात. एकीला आत घेताना दुसरीला मागच्या दाराने बाहेर काढलं, ती चूक माझी.

गेल्या वर्षी माय आजारी पडली. पुण्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, "आजी, नेमकं कुठे दुखतं? जळजळ होते की कळ येते?" माय कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बरं आहे." खोलीत नर्स होती, दोन शिकाऊ डॉक्टर होते, माझी मुलगी होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि विचारलं, "माय, कोठे दुखस तुले? माले सांग."

तिने माझा हात धरला आणि जेवढं सांगायचं राहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं. पोटात कधी आग पडते, ती पाठीकडे कशी सरकते, रात्री किती वेळा उठून बसावं लागतं. मी एकेक वाक्य डॉक्टरांना मराठीत सांगत गेलो. कोणी हसलं नाही. शिकाऊ डॉक्टर लिहून घेत होते. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. तिला आजीचं बोलणं निम्मंच कळत होतं, आणि तो हिशेब माझ्याच नावावर आहे.

आप्पा आता नाहीत. त्या पायरीवरचा प्रश्न मला त्यांना पुन्हा विचारता येणार नाही. पण प्रगणक पुन्हा दारी येईल आणि मातृभाषा विचारेल. तेव्हा माय शेजारी बसलेली असेल. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी सांगणार आहे, अहिराणी. आणि त्याने ते कसं लिहिलं, तेही कागदात डोकावून बघणार आहे.