तंबू तात्पुरता, जबाबदारी कायमची

हुपरीच्या कारागिराला आगीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. चांदीची आटणी, मूस आणि भट्टी यांवरच या गावाचा संसार उभा राहिला. हातकणंगले तालुक्यातील या रौप्यनगरीची दुसरी ओळख म्हणजे सभोवतालचे उसाचे मळे. हुपरी-यळगूडच्या जवाहर सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की मळ्यांत तोडणीची लगबग उडते आणि मागे वाळलेल्या पाल्याचे थर उरतात. नेमक्या याच हिवाळ्यात शहरी पर्यटकांची पावले शेताकडे वळतात. गुऱ्हाळावरची काकवी, चुलीवरचा तांबडा-पांढरा रस्सा आणि रात्री शेकोटीशेजारी तंबूत मुक्काम, हा बेत आता राज्यात चांगलाच रुळला आहे. ऊसपट्ट्यात तो आखताना मात्र एका प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागेल. या तंबूला आग लागली तर जबाबदार कोण?

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन विभागाकडे नोंदणी करून केंद्र चालविता येते आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शेतीला जोडधंदा देणारे हे धोरण स्वागतार्हच आहे. परंतु कापडाचा तंबू एखाद-दुसऱ्या हंगामातच जुना होतो, जागा बदलतो, त्याची संख्या सुट्ट्यांनुसार कमी-जास्त होते. पाच वर्षांतून एकदा होणारी कागदपत्रांची पाहणी त्याला कशी पुरणार?

दुसरीकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहे. आगप्रतिबंधक यंत्रणा बसविण्याची व ती चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालक किंवा भोगवटादारावर टाकतो. परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैत, प्रमाणपत्र घेण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र या कायद्याची घडण मुख्यतः पक्क्या इमारतींभोवती झाली आहे. उसाच्या फडाला लागून उभ्या केलेल्या दहा तंबूंकडे पाहायचे कोणी, याबाबत पर्यटन खाते, ग्रामपंचायत आणि अग्निशमन सेवा एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

‘तात्पुरते’ या शब्दाचा आडोसा किती महागात पडतो, हे देशाने वारंवार अनुभवले आहे. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक जीव गेले; त्यांत बहुतांश मुले व महिला होत्या. मेरठमध्ये १० एप्रिल २००६ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाच्या मंडपातील आगीने ६५ जणांचा बळी घेतला. मुंबईच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी गच्चीवरील उपाहारगृहाला लागलेल्या आगीत १४ जण दगावले. राजकोट येथे २५ मे २०२४ रोजी पत्र्याच्या शेडमधील खेळघरात २७ जण मृत्युमुखी पडले. तेथे अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हते. १९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या महाकुंभात तंबूंना आग लागली. सुदैवाने तेथे मनुष्यहानी टळली, कारण बंब आणि जवान मेळ्यातच सज्ज होते. शेतावरच्या तंबूला हे भाग्य लाभणार नाही.

तांत्रिक मार्गदर्शनाचा अभाव आहे, असेही नाही. मंडप व तात्पुरत्या बांधकामांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ८७५८ हे मानक आहे. मंडपाची उंची किमान तीन मीटर असावी, कृत्रिम धाग्यांचे कापड व दोर वापरू नयेत, विजेच्या तारांखाली मंडप उभारू नये, असे ते सांगते. कापडाला अमोनियम सल्फेट, अमोनियम कार्बोनेट, बोरॅक्स, बोरिक अ‍ॅसिड आणि तुरटी यांच्या द्रावणाची प्रक्रिया करण्याची पद्धतही प्रचलित आहे. पण हे सारे सभामंडपांसाठी. दोघा-चौघांनी झोपायचा बाजारातला तंबू बहुधा नायलॉन वा पॉलिस्टरचाच असतो. तो पेटला की वितळून अंगावर ठिबकतो आणि झोपेतल्या माणसाला साखळी शोधण्याइतकाही अवधी देत नाही.

म्हणूनच ग्रामीण वास्तव ओळखून तंबूनिवासासाठी स्वतंत्र, छोटी नियमावली हवी. उभा ऊस आणि पाचट यांपासून तंबूंना दूर ठेवणारा नांगरलेला मोकळा पट्टा असावा. दोन तंबूंमध्ये पुरेसे अंतर असावे. शेकोटी वाऱ्याची दिशा पाहून ठरावीक जागीच पेटवावी आणि झोपण्यापूर्वी पाण्याने विझवावी. तंबूत शेगडी, गॅस सिलिंडर वा डासांची अगरबत्ती नसावी. बंद तंबूतील कोळशाची शेगडी न पेटतासुद्धा विषारी वायूने जीव घेते. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते, त्यामुळे विहिरीवरच्या मोटारीवर विसंबणे धोक्याचे; भरलेल्या टाक्या, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडी हाताशी हवीत. बंब आत येईल एवढी वाट मोकळी ठेवणे तर अत्यावश्यकच. अनेक साखर कारखान्यांकडे स्वतःचे बंब असतात. त्यांच्याशी पूर्वसमन्वय साधल्यास मदत लवकर पोहोचेल.

प्रत्येक तंबूसाठी महानगरी थाटाची प्रमाणपत्रे मागितली, तर लहान शेतकरी नोंदणीच टाळेल आणि धोका अंधारातच राहील. त्याऐवजी हंगामाच्या प्रारंभी अग्निशमन अधिकारी व ग्रामपंचायतीने संयुक्त पाहणी करावी, तंबूंची कमाल संख्या ठरवावी आणि दाखला प्रवेशद्वारी लावणे बंधनकारक करावे. पर्यटकांनीही आरक्षण करताना जेवणाच्या यादीबरोबर हा दाखला मागावा. एका दुर्घटनेने अनेक कुटुंबे उद्ध्वस्त होतीलच, शिवाय प्रामाणिकपणे पाहुणचार करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांचा जोडधंदाही तिच्या झळीने होरपळेल. डबवालीनंतर चौकशी झाली, मेरठनंतरही झाली. येथे नियम तरी आगीच्या आधी यावेत, एवढी अपेक्षा शासनाकडून गैर नाही.