आधी श्वास, मग उपदेश

कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात फवारणीची बाधा झालेला शेतकरी दवाखान्यात आणला, की कोणताही डॉक्टर त्याला दोष देत बसत नाही. तोंडाला फडके का बांधले नाही, हे विचारण्याआधी त्याचा हात अॅट्रोपिनकडे जातो. नशेच्या पदार्थाची मात्रा जास्त झाल्याने बेशुद्ध पडलेल्या तरुणाला हाच न्याय का मिळू नये, असा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने माझ्या व्यवसायबंधूंपुढे आणि समाजापुढे ठेवावासा वाटतो.

हा विषय मुंबई-पुण्याचा आहे, शाहपूरचा नाही, असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. त्यात अफू व डोडा आहे, हेरॉइन ऊर्फ ब्राऊन शुगर आहे, तशीच औषधाच्या दुकानातून आलेली वेदनाशामकेही आहेत. ट्रॅमाडॉलच्या गैरवापरामुळे २०१८ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. जो पदार्थ गोळीच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या रूपाने येतो, त्याला महानगर आणि गाव असा भेद नसतो.

हे पदार्थ मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावतात. श्वास उथळ होतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ व नखे निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घरची मंडळी म्हणतात, ‘झोपलाय, झोपू द्या.’ हेच वाक्य घात करते. सोबत दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घेतलेली असेल, तर धोका कितीतरी वाढतो.

सर्वांत मोठा धोका कोणाला असतो? नुकत्याच व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतलेल्या माणसाला! काही आठवडे पदार्थ बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मन घसरले आणि त्याने जुनी मात्रा घेतली, तर तीच प्राणघातक ठरते. मुलगा सुधारून आला म्हणून कुटुंब ज्या दिवसांत निर्धास्त होते, त्याच दिवसांत डोळ्यांत तेल घालून राहण्याची गरज असते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे मराठी समाजाला हळूहळू उमगू लागले. आजार उलटू शकतो, हेही आता उमगायला हवे.

अफूवर्गीय विषबाधेवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. तो आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्नायूतही टोचता येतो. काही मिनिटांत श्वास परततो. मात्र त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि पोटातला पदार्थ त्याहून अधिक काळ टिकू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. दारू व झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग होत नाही, पण अपायही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच शिफारस केली, की असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याचा संभव आहे, त्या सर्वांच्या हाती हे औषध व त्याचे शिक्षण असावे. अमेरिकेत २०२३ मध्ये नाकात फवारण्याच्या नॅलोक्सोनला चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. आपल्याकडे तशी मोकळीक नाही. ती मिळावी यासाठी डॉक्टरांच्या संघटनांनी आवाज उठवला पाहिजे.

उतारा हाताशी ठेवल्याने व्यसनाला उत्तेजन मिळेल, ही शंका प्रामाणिक आहे, पण टिकणारी नाही. नॅलोक्सोनने नशा येत नाही. उलट नशा उतरून व्यसनी माणसाला अतिशय त्रास होतो. अॅट्रोपिन ठेवल्याने कोणी कीटकनाशक पीत नाही. आणि मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही, हे तर उघडच आहे.

दुसरी अडचण भीतीची. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून सोबती पळून जातात, अब्रू जाईल म्हणून घरचे दार लावून घेतात. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याचे संरक्षण मिळाले. तेच संरक्षण अशा प्रसंगी रुग्णवाहिका बोलावणाऱ्यालाही मिळायला हवे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. प्रत्येक दवाखान्यात अॅट्रोपिनशेजारी नॅलोक्सोनच्या चार कुप्या असाव्यात आणि त्यांची मुदत तपासली जावी. केंद्रातून परतलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला बोलावून उतरलेल्या सहनशक्तीचा धोका स्पष्ट शब्दांत सांगावा. आणि संस्थेने वर्षातून एकदा औषधविक्रेते, शिक्षक व तरुण मंडळांसाठी प्रात्यक्षिक ठेवावे : हाक मारा, छातीचे हाड चोळून पाहा, १०८ ला कळवा, मान मागे करून तोंडाने श्वास द्या, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, एकटे सोडू नका. लिंबूपाणी, मिठाचे पाणी, दूध काहीही पाजू नका. सुई प्रशिक्षित हातांनीच टोचावी. श्वास देणे मात्र शिकवल्यास कोणालाही जमते.

उपदेशाला पुढे सारे आयुष्य पडले आहे. ते आयुष्य त्याच्या हाती परत देणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.