दीडशे स्तोत्रे, एक आठवडा
बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली सगळी १५० स्तोत्रं आठवडाभरात म्हणून झालीच पाहिजेत, असा दंडक संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीतल्या आपल्या मठवासीयांना घालून दिला. पूर्वीचे तपस्वी हे एका दिवसात करत, आपल्याला निदान आठवड्यात जमावं, असं त्याचं म्हणणं. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठात ही स्तोत्रं आजही लॅटिनमध्ये गायली जातात. चाल अगदी साधी: बहुतेक शब्द एकाच सुरावर, शेवटी थोडा चढउतार. समोरासमोरचे दोन गट आळीपाळीने एकेक ओवी घेतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ओवीच्या मध्यावरचा विराम. सगळे एकत्र थांबतात, श्वास घेतात. कुणाचाच आवाज पुढे धावत नाही. शिवाय स्तोत्र आपण निवडायचं नसतं, ते क्रमाने येतं. मन प्रसन्न असताना नेमकं ८८वं येतं, जे अंधारातच संपतं. मग ते आज ज्याच्यावर तशी वेळ आली आहे त्याच्यासाठी म्हणायचं. म्हणूनच कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या रोमन नित्यप्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही शत्रूचा नाश मागणारी स्तोत्रं वगळली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. छळ सोसणाऱ्याने आपला संताप देवापुढे नाही तर कुठे मांडायचा? घरी एकट्याने प्रार्थना करणाऱ्यांनी तरी ती सोडू नयेत. मराठी बायबलमध्ये ती जागच्या जागी आहेत, आणि एका सुरावर, मधला विराम पाळून, ती कुणालाही म्हणता येतात.