ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर आणि प्रोसेसरची चूक

ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो की एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप, कॉम्प्युटर बदलायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "जुना प्रोसेसर सेफ नाही." अर्धं खरं आहे.

चतुर्थीला महागणपतीच्या दारातला चहावाला गर्दी बघून ऑर्डरीआधीच कप भरतो. अंदाज चुकला तर चहा ओतून देतो, पण ओले कप मागे राहतात. प्रोसेसरही वेगासाठी पुढचं काम असंच अंदाजाने उरकतो. मागे राहिलेल्या खुणांवरून पासवर्ड चोरता येतात, हे जानेवारी 2018 मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या नावांनी जगाला कळलं.

उपाय दोन. सॉफ्टवेअर अपडेट, फुकट, पण मशीन थोडं मंदावतं. नाहीतर दुरुस्त केलेली नवी चिप. ती घेतली म्हणजे सुटलो? छे! 2018च्या अखेरीपासून इंटेलच्या काही चिपांत मेल्टडाउनची दुरुस्ती आली. 2023 मध्ये 'डाउनफॉल' निघालं, त्यात सहाव्या ते अकराव्या पिढीच्या चिपा सापडल्या. इलाज? परत अपडेटच.

एका सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकांचा डेटा असेल तर नवी चिप घ्याच, तिथे मंदावणंही महाग पडतं. टेबलावरच्या एकट्या मशीनला मात्र आधी अपडेट, असं माझं स्पष्ट मत.

खरी गोची पुढे आहे. विंडोज 10चे नेहमीचे फुकट अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. चालतं मशीन भंगारात! लिनक्स फुकट आहे, अपडेटही येतात. दाखल्यांचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, एवढं तपासून घ्या. घरपट्टीच्या पैशातून खरेदीचा ठराव आला की ग्रामसभेत उठून विचारा, आहे तो प्रोसेसर कितव्या पिढीचा, आणि शेवटचं अपडेट कधी टाकलं होतं?