शिकारी कोण? बंदूकवाला की फासवाला?

१/ शिकारीच्या जुन्या छायाचित्रांखाली साहेबाचे नाव असते, क्वचित बंदुकीचेही. माग काढणाऱ्याचे नसते. त्यावरून पराक्रम बंदुकीचा होता असे मानणे हा भाबडेपणा आहे.

२/ सोलापूरचे माळरान आठवा. आडोसा नाही, काळविटाला माणूस दुरूनच दिसतो. अशा माळावर पारध्याचे साधन काय? दोरीचे फास आणि शिकवलेली गाय. तिच्या आडून, तिच्या चरण्याच्या चालीने तो कळपाजवळ सरके. कळपाची वाट ओळखून फास मांडले जात. मग सोबती जनावरे अलगद तिकडे वळवीत.

३/ बंदुकीचा नेम चुकला तर दुसरी गोळी असते. फास चुकीच्या वाटेवर पडला, गाय बुजली किंवा सोबत्याने घाई केली, तर घर उपाशी. साधन विकत मिळते; ही जाण आणि ही साथ मिळत नाही.

४/ तरीही बंदूकवाला ‘शिकारी’ ठरला आणि फासवाला ‘गुन्हेगार’. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात पारध्यांसह अनेक जमाती सेटलमेंटच्या तारेआड कोंडल्या गेल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला.

५/ हे शिकारीचे समर्थन नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा योग्यच आहे, नान्नजचे माळढोक अभयारण्यही हवेच. पण माळरानाचा इतिहास लिहिताना बंदुकीचा कारखाना नोंदवायचा आणि माळ वाचणाऱ्या माणसाला वगळायचे, हा इतिहास नव्हे. तो जेत्यांचा छायाचित्रसंग्रह आहे.