पापणीएवढा र

"अहो, अर्थ कळला ना? मग झालं तर!" हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस आमच्या वाशीच्या शाखेत, रोखपालाच्या खिडकीमागे बसवावं. रकमेतलं टिंब एक घर सरकलं की त्याने खातेदाराला "अर्थ कळला ना?" असं विचारून दाखवावं!

अंकातल्या टिंबाला हा मान. अक्षराच्या काट्याला मात्र कुणी विचारत नाही. मराठीत 'र'ला 'य' जोडायच्या दोन तऱ्हा. डोक्यावर रफार दिला की 'आचार्यांना', पापणीसारखा आडवा र दिला की 'आचाऱ्यांना'. पहिल्यांना वाकून नमस्कार करायचा, दुसऱ्यांना जिलबी किती किलो ते सांगायचं. घोटाळा झाला तर दोघेही पंगतीतून उठून जातील.

आता संगणक. युनिकोड म्हणजे जगातल्या अक्षरांची खातेवही. प्रत्येक अक्षराला खाते क्रमांक. पण हा पापणीचा र दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला जुळे भाऊ, खाती मात्र निराळी. 'ॲ'ची तीच कथा. त्याला स्वतंत्र खातं मिळालं २००८ साली. तोवर लोक 'अ'च्या डोक्यावर चंद्र ठेवून भागवत. अजूनही दोन्ही चालतात. मग शब्द तपासणाऱ्या यंत्राला यातली एकच रीत शिकवलेली असली, की दुसरीखाली लाल नागमोडी रेघ! उद्या कुणा कुऱ्हाड्यांचं नाव एका रीतीने नोंदलं आणि शोधणाऱ्याने दुसरीने टाइप केलं, तर यंत्र बिनदिक्कत सांगेल, असा माणूसच नाही. माणूस समोर उभा असला तरी!

रुमानियाच्या लोकांनीही हे भोगलंय. त्यांच्या 'एस'खाली स्वल्पविराम असतो. यंत्रांनी वर्षानुवर्षं तिथे तुर्की 'एस'ची शेपटी चिकटवली. १९९९ साली युनिकोडने स्वल्पविरामवाल्याला वेगळं खातं दिलं, तरी जुन्या शेपट्या मजकुरांतून वळवळत राहिल्याच.

म्हणून म्हणतो, यंत्रवाल्यांनी दोन्ही रीती एकच धराव्यात आणि शब्दसंग्रह नीट भरावा. आणि आपण? लाल रेघ दिसली की निमूटपणे आपलाच शब्द बदलतो. सही जुळली नाही तर आम्ही चेक परत करतो. खातेदाराला हात बदलून आणायला सांगत नाही.